फादरांनी मतदानावर बोलावं का?

प्रश्न: निवडणुकीच्या आधीच्या रविवारी फादर मिस्साच्या (चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेच्या) उपदेशात म्हणाले, मत विकू नका, संविधान जपणाऱ्यालाच द्या. नाव कुणाचंच घेतलं नाही. तरी चर्चबाहेर भांडणं झाली. माझा भाऊ म्हणतो, देश सेक्युलर आहे, चर्चने देवाधर्माचं बघावं. खरं काय?
– एक वाचक, वसई

उत्तर: सेक्युलर राहायचं बंधन सरकारवर आहे हो, फादर इथले नागरिकच आहेत, झगा घातला म्हणून बोलायचा हक्क जात नाही. पण कायदा आहे, आणि तो सगळ्यांना सारखा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३) म्हणतं की उमेदवाराने, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कुणी, धर्माच्या नावावर मतं मागितली तर तो भ्रष्ट आचार, आणि २०१७ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध ३ असा निकाल देऊन त्यात उमेदवाराच्या धर्माबरोबर मतदाराचा धर्मही धरला. शिवाय १९८८ चा एक कायदा आहे, देऊळ मशीद चर्च कुणाच्याही जागेत राजकीय प्रचार करता येत नाही, आणि त्यातली राजकारणाची व्याख्या चांगलीच ऐसपैस आहे, त्यामुळे आल्तारावरून (चर्चच्या वेदीवरून) बोलताना जरा जपूनच.

गांधीनगरच्या आर्चबिशपांनी २०१७ च्या गुजरात निवडणुकीआधी पत्र काढून राष्ट्रवादी शक्तींपासून देश वाचावा म्हणून प्रार्थना करायला सांगितलं, तर निवडणूक अधिकाऱ्यांची नोटीस आली. पुढच्या वर्षी गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव यांनी संविधान धोक्यात आहे असं लिहिलं, त्यावरही गदारोळ झालाच. पक्षाचं नाव न घेता लिहिलं तरी लोक ओळखतातच कुणाला लागलंय ते.

आता माझं मत विचाराल तर चर्च कुणासाठी बोलतंय ते बघा. तुमच्याच वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, बिल्डर, विहिरींचं पाणी उपसून नेणारे टँकर, गुंडगिरी, कशालाच सोडलं नाही, आणि विहिरी काय फक्त ख्रिस्ती लोकांच्या आटत होत्या का? बरोबर सगळ्या जातीधर्माची माणसं होती. याउलट केरळात १९५९ ला चर्च नंबूदिरीपाद यांच्या कम्युनिस्ट सरकारविरुद्ध उभं राहिलं, त्यात शाळांवरचा आपला ताबा जाईल ही भीती मोठी होती (नायर संघटनाही बरोबर होत्या, एकटं चर्च नव्हतं), आणि शेवटी ३१ जुलैला निवडून आलेलं सरकार केंद्राने बरखास्त केलं. तो आवाज मला नाही पटत.

तुमच्या फादरांचं पहिलं वाक्य, मत विकू नका, याला कोण नाही म्हणणार? दुसरं मात्र मी असतो तर मिस्सात बोललो नसतो, कारण उपदेश चालू असताना समोरच्याला उठून उलट विचारता येत नाही. भावाला सांगा, चर्चबाहेर भांडण्यापेक्षा पॅरिश कौन्सिलच्या (चर्चच्या लोकांच्या समितीच्या) मीटिंगला जा आणि तिथे हेच फादरांना तोंडावर विचार.