ग्रुपमध्ये माणसं कशी मिळतील? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

‘फॉलोअर कसे वाढवू’ हा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतो आहे. त्यातले काही निवडून उत्तरे देतो.

प्रश्न : ‘तू मला फॉलो कर, मी तुला करतो’ अशा साखळीत सामील होऊ का? (विद्यार्थी, नाशिक रोड)

उत्तर : नको.

प्रश्न : द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपमध्ये तीन महिने रोज लिहितोय. कुणी दखल घेत नाही. (निफाड)

उत्तर : तुम्ही पाठवलेले नमुने वाचले. दोन सुप्रभात, एक फॉरवर्ड आणि ‘पानावर डाग पडलेत, काय मारू?’ यावर कोण काय सांगणार? पान उलटून खालच्या बाजूचाही फोटो टाका. वर तेलकट पिवळा डाग आणि खाली पांढरी बुरशी असेल तर डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा संशय येतो. वरूनच राख भुरभुरल्यासारखं दिसत असेल तर भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाचा. छाटणीला किती दिवस झाले, पाऊस कधी पडला, शेवटची फवारणी कशाची, तेही लिहा. मग जाणकार आपणहून बोलतात. आठवड्याने फरक पडला की नाही ते तिथेच कळवा. हे फार थोडे लोक करतात, म्हणून करणाऱ्याचं नाव लक्षात राहतं. औषधाचं प्रमाण मात्र ग्रुपवरून घेऊ नका, कुणाला देऊही नका. निर्यातीच्या मालात औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला तर माल नाकारला जातो. कृषी विज्ञान केंद्रात किंवा मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात विचारा.

प्रश्न : पक्षिनिरीक्षणाची आवड असणारी माणसं कुठे शोधू? (इंदिरानगर)

उत्तर : ‘नांदूरमध्यमेश्वर’ हा शब्द देवनागरीत आणि रोमन अक्षरांत, दोन्ही प्रकारे शोधा. या पाणथळीला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळालेला आहे. हिवाळ्यात सकाळी तिथे जा, दुर्बीण गळ्यात असलेल्यांना ते कोणत्या ग्रुपमध्ये आहेत ते विचारा.

प्रश्न : एक एजंट ५,००० फॉलोअर देतो म्हणतो. पासवर्ड आणि ओटीपी मागतोय. देऊ का? (मसाल्यांचा घरगुती व्यवसाय, सिडको)

उत्तर : ताई, अजिबात देऊ नका. ओटीपी म्हणजे घराची किल्ली. ती हातात आली की तो तुमचा नंबर बदलतो, तुम्हालाच बाहेर काढतो आणि तुमच्या नावाने तुमच्या गिऱ्हाइकांकडे पैसे मागतो. माझ्याकडे आलेल्या एका भगिनीच्या चुलतभावाने ‘तिनेच मागितलेत’ असं समजून पैसे पाठवले होते. ती चार दिवस ‘एजंट परत देईल’ म्हणून थांबली. हे थांबणंच घात करतं! पैसे गेले तर त्याच तासात १९३० वर फोन करा, म्हणजे ते पुढे सरकण्याआधी बँकेला अडवता येण्याची शक्यता राहते. मग सायबर पोलिसांकडे जा. आणि एजंट प्रामाणिक निघाला तरी मिळतात ती बहुतेक बनावट खाती. ती तुमचा गोडा मसाला विकत घेत नाहीत. इन्स्टाग्रामने डिसेंबर २०१४ मध्ये अशी खाती काढली तेव्हा भल्याभल्यांचे आकडे कोसळले. आजच टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे खात्यात शिरताना दुसरी खात्री मागणारी सोय, सुरू करा. जमत नसेल तर घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवा, दुकानात फोन देऊ नका.

प्रश्न : न विचारता शेअर बाजाराच्या ग्रुपमध्ये घेतलंय. सगळे नफ्याचे फोटो टाकतात. खरं असेल? (गंगापूर रोड)

उत्तर : ते ‘सगळे’ एकाच टोळीचे असू शकतात. ग्रुप सोडा. सल्लागाराचं नाव सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) यादीत स्वतः तपासा आणि एक रुपयाही पाठवण्याआधी तुमच्या सीएला भेटा.