राखीव निधी आहे का, एवढंच विचारून थांबू नका

तुमचा प्रश्न वाचताना जुने दिवस आठवले. डॉलरशी बांधलेल्या नाण्यात (स्टेबलकॉईन, म्हणजे ज्याची किंमत एक डॉलरच राहावी असं डिजिटल चलन) बचतीचा बराच भाग आहे, कंपनीच्या अहवालात नाण्यांपोटी ठेवलेला राखीव निधी नाण्यांपेक्षा थोडा जास्तच दिसतो, खाली हिशेब तपासणाऱ्या फर्मची सही आहे, तरी धाकधूक जात नाही. नाणी जिथे ठेवली आहेत त्या एक्स्चेंजला (नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजाराला) विचारावं तर ‘नाणं शंभर टक्के सुरक्षित आहे’ हे एकच छापील वाक्य परत येतं. अगदी ह्याच जागी मी होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्टेबलकॉईन, वॉलेट वगैरे तुम्हाला ठाऊक दिसतं, त्यात शिरत नाही. मी आर्थिक सल्लागार नाही की वकीलही नाही. पटेल तेवढं घ्या, आणि पैसे हलवण्याआधी स्वतः खात्री करा.

आधी हे सांगतो की तुमची शंका रास्त आहे. ‘विनाकारण भीती पसरवू नका’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. अशी नाणी काढणाऱ्या सगळ्यात मोठ्या कंपनीचा, टेदरचाच, इतिहास बघा. अमेरिकेच्या सीएफटीसी या वायदे बाजार नियामक आयोगाने ऑक्टोबर 2021 मध्ये त्यांना 4.1 कोटी डॉलरचा दंड केला. 2016 ते 2018 मधल्या 26 महिन्यांचा नमुना घेतला, तर फक्त 27.6 टक्के दिवशीच चलनातल्या नाण्यांइतका पैसा खात्यांत होता, असं आयोगाने नोंदवलं. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीत तर त्याहून बोलकी गोष्ट निघाली. 15 सप्टेंबर 2017 ला बाहेरची फर्म शिल्लक तपासणार होती, आणि त्याच दिवशी बिटफिनेक्स या भावंड कंपनीने टेदरच्या खात्यात 38.2 कोटी डॉलर टाकले. त्या दिवसाचा आकडा खरा होता, आदल्या दिवशी मात्र तो नव्हता. तो वाद फेब्रुवारी 2021 मध्ये 1.85 कोटी डॉलर भरून मिटला. दोन्ही ठिकाणी कंपनीने चूक कबूल केलेली नाही, हेही सांगायला हवं. आज त्यांच्याकडे अमेरिकी ट्रेझरी बिलांचा (सरकारच्या अल्प मुदतीच्या रोख्यांचा) मोठा साठा आहे आणि परिस्थिती तेव्हाची राहिलेली नाही.

म्हणून अहवाल उघडलात की आधी तारीख बघा. दर महिन्याला किंवा तिमाहीला येतं ते बहुतेक वेळा अटेस्टेशन असतं. ठरावीक दिवशी व्यवस्थापनाने दाखवलेले आकडे जुळतात का, एवढंच त्यात तपासलेलं असतं. वर्षभराचे व्यवहार, देणी आणि अंतर्गत नियंत्रणं तपासणारं पूर्ण ऑडिट म्हणजे ते नव्हे. एक्स्चेंजवाले दोन्हीला सर्रास ‘ऑडिट’ म्हणतात, आणि मला ह्याचा मनापासून राग येतो. ब्लॉकचेनवरही (नाण्यांच्या व्यवहारांची सर्वांना दिसणारी नोंदवही, तिलाच साखळी म्हणतात) निम्मंच चित्र दिसतं. किती नाणी काढली ते कोणालाही मोजता येतं, पण त्यांच्यापोटीचा पैसा बँकांत आणि रोख्यांत असतो, आणि तो साखळीवर कुठेच दिसत नाही.

आता मला सर्वात महाग पडलेली गोष्ट. नाव कोणाचंच घेत नाही.

कामाचं मानधन मी अशाच नाण्यात घेत असे आणि नाणी एका एक्स्चेंजच्या खात्यात पडून असत. एका शनिवारी त्या नाण्याच्या राखीव निधीबद्दल अफवा उठली आणि भाव डॉलरच्या खाली सरकू लागला. एक्स्चेंजने डॉलरमध्ये बदलून देणं ‘तात्पुरतं’ थांबवलं, मागोमाग नाणी बाहेर पाठवणंही. मी लिहिलं की नाणं एका डॉलरला परत घेण्याचं वचन आहे, ते पाळा. उत्तर आलं, परतफेड हा नाणं काढणाऱ्या कंपनीचा विषय आहे. कंपनीला लिहिलं. ती म्हणाली, तुमचं आमच्याकडे खातं नाही, नाणी जिथे आहेत तिथे संपर्क करा. पुन्हा एक्स्चेंजकडे गेलो, तर तक्रारीचा क्रमांक नवा आणि मजकूर जुनाच. माणसाशी बोलायची सोय दोघांकडेही नव्हती. मला एक देणं चुकवायचं होतं, थांबणं शक्य नव्हतं. विक्री सुरू झाली तेव्हा मिळेल त्या भावाला नाणी काढून टाकली.

नंतर भाव सावरला. निधी जागेवर होता, अफवा खोटी होती. कंपनीने तर निवेदन काढलं की त्या दिवसांत आलेली प्रत्येक मागणी पूर्ण एका डॉलरने भागवली. ते खरंच असेल, पण मागणी करण्याचा हक्क थेट खातं असलेल्या बड्या संस्थांनाच होता. मला त्या दोन कार्यालयांनी फक्त एकमेकांकडे पाठवलं. आजही ते पत्रव्यवहार वाचले की संताप होतो, कारण दोघांपैकी एकानेही ‘तुम्हाला हा हक्क नाही’ हे सरळ सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निदान वेळ तरी वाचला असता.

म्हणून माझ्या मते निधी पुरेसा आहे का, हा अर्धाच प्रश्न आहे. तो मागण्याचा हक्क कोणाला आहे, किती रकमेपासून, आणि बँका बंद असताना काय होतं, हे अटींमध्ये शोधा. टेदरकडून थेट परतफेड घ्यायची तर ओळख पडताळणी करावी लागते आणि किमान 1 लाख डॉलरची मागणी लागते. बाकीच्यांनी बाजारात विकायचं. बाजारभाव डॉलरला चिकटून राहतो तो मुख्यतः मोठे व्यापारी स्वस्तात घेऊन कंपनीकडून डॉलर वसूल करतात म्हणून. ती वाट अडली की भाव मोकाट सुटतो.

मार्च 2023 मध्ये यूएसडीसी या दुसऱ्या मोठ्या डॉलर-नाण्याचं तेच झालं. साधारण 40 अब्ज डॉलरच्या निधीतले 3.3 अब्ज सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकले, आणि शनिवार-रविवार असल्याने बँकांमार्फत परतफेड होईना. नाणं 88 सेंटच्या आसपास घसरलं. ठेवीदारांना पूर्ण संरक्षण देण्याचं सरकारने जाहीर केल्यावर ते पुन्हा डॉलरजवळ आलं. नाण्यांच्या बाहेरही असं घडलंय. सप्टेंबर 2008 मध्ये रिझर्व्ह प्रायमरी या अमेरिकी मनी मार्केट फंडाच्या, एक डॉलरच राहायला हव्या अशा, युनिटचं मूल्य 97 सेंटवर आलं, तेव्हा त्यात बुडालेल्या लेहमन बँकेचे रोखे जेमतेम सव्वा टक्का होते. गुंतवणूकदारांना शेवटी 99 सेंटच्या आसपास मिळाले, पण दीर्घकाळ थांबून. ज्याला त्या आठवड्यात पैसे हवे होते त्याला ह्या 99 चा काय उपयोग?

कायद्यांबद्दल थोडक्यात. युरोपीय संघाच्या मायका या क्रिप्टो नियमांतली एक गोष्ट मला फार पटते: एकाच चलनाशी बांधलेल्या नाण्याच्या धारकाला ते दर्शनी मूल्याने, केव्हाही, थेट कंपनीकडून परत करण्याचा हक्क आहे. हे नियम 30 जून 2024 पासून लागू आहेत. अमेरिकेतही जुलै 2025 मध्ये स्टेबलकॉईनसाठीचा जीनियस कायदा झाला. त्यात निधी रोख, बँक ठेवी, अल्प मुदतीची ट्रेझरी बिलं अशा गोष्टींतच ठेवायचा आणि दर महिन्याला त्याचा तपशील द्यायचा आहे. तुमचं नाणं ह्यांपैकी कुठल्या चौकटीत येतं ते बघा. कुठल्याच येत नसेल तर मी त्यात तीन-चार महिन्यांच्या खर्चापेक्षा जास्त ठेवणार नाही. हे माझं मत, नियम नव्हे.

जाता जाता, नाणं कोणत्या साखळीवर आहे तेही तपासा. पुलावरून (एका साखळीवरचं नाणं दुसरीवर वापरू देणाऱ्या सेवेतून) आणलेली प्रत नावाने तीच असली तरी ती मूळ कंपनीचं देणं नसते. जुलै 2023 मध्ये मल्टीचेन पूल कोसळला तेव्हा फँटम या साखळीवरच्या तशा प्रतींचा भाव पडला, मूळ नाणं मात्र ठीक होतं.

आणि तुम्ही शेवटी सहज लिहिलंय ते मला सर्वात काळजीचं वाटतं: नाणी एक्स्चेंजच्या व्याज देणाऱ्या योजनेत आहेत. तसं असेल तर इतका वेळ आपण ज्या अहवालाबद्दल बोलतोय तो तुम्हाला जवळजवळ लागूच होत नाही. नाणी तुम्ही एक्स्चेंजला उसनी दिली आहेत, आणि निधी अगदी चोख असला तरी तुमचा दावा एक्स्चेंजवरच राहतो. अशाच व्याज देणाऱ्या सेल्सिअस या क्रिप्टो कंपनीने जून 2022 मध्ये पैसे काढणं थांबवलं आणि पुढच्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला. जानेवारी 2023 मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की व्याजाच्या खात्यांतली नाणी, स्टेबलकॉईनसुद्धा, कंपनीच्या मालमत्तेत धरायची, कारण ग्राहकांनी मान्य केलेल्या अटींत मालकी कंपनीकडे गेली होती. तुमच्या योजनेच्या अटींत मालकीबद्दलचं कलम असेलच. ते आजच काढा आणि नाव-गाव झाकून इथे टाका, मी आणि इथले बाकीचे जाणकार मिळून वाचू. तोवर त्या योजनेत नवीन रक्कम टाकू नका.