साठीनंतर जुनं हॉलिवूड? खुशाल सुरुवात करा

सर्वश्रेष्ठ शंभरची यादी घेऊन बसू नका. पहिल्याच रात्री ‘सिटिझन केन’ लावलात तर अभ्यासाला बसल्यासारखं वाटेल. ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) लावा. घरातून पळालेली श्रीमंत मुलगी, बस आणि बेरकी बातमीदार. गोष्ट ओळखीची वाटेल, कारण राज-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ यावरूनच बेतलेला.

मग ‘द अपार्टमेंट’ (१९६०). जॅक लेमन टेनिसच्या रॅकेटवर स्पगेटी गाळतो, तिथे हसून घ्या. पण लक्ष ठेवा ते शर्ली मॅक्लेनच्या छोट्या तडकलेल्या आरशावर. लेमन आपलं घर साहेबांना चोरट्या भेटींसाठी देत असतो. तो आरसा त्याच घरात सापडलेला असतो, साहेबांना त्यानेच परत दिलेला असतो. आता तो तिच्या हातून येतो. लेमन आत बघतो, चेहरा दुभंगलेला दिसतो आणि त्याला सगळं उमगतं. स्पष्टीकरण नाही. विशीत हा प्रसंग डोक्यावरून गेला असता. साहेबांची मर्जी सांभाळत नोकरी केलेल्याला तो बरोबर लागतो.

सबटायटल्स बिनदिक्कत लावा. त्या काळचे नट भराभरा बोलतात. आणि हे सिनेमे सोवळे वाटले तर हेज कोड आठवा, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं याची हॉलिवूडची तेव्हाची नियमावली. १९३४ पासून तो कडक लागू झाला, १९६८ मध्ये गेला. दिग्दर्शकांनी त्यातूनही पळवाटा काढल्या. ‘नटोरियस’मध्ये (१९४६) हिचकॉकने लांब चुंबनाचे तुकडे केले, मध्ये बोलणं, फोन, पुन्हा चुंबन. सेन्सॉर गप्प!