खाडीचा बांध आणि सडा असा सात किलोमीटरचा फेरा रोज पळायचा आहे. बूट कुठले घ्यावेत, आणि कुठल्याही बाजूने पळालं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की गाव राजापूर तालुक्यात आहे, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तिथेच राहणार आहात, आणि घराखालून खाडीच्या बांधाने जाऊन, पायऱ्यांची घाटी चढून, सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, गवतातून परत यायचा विचार आहे. बुटांचं शेवटी सांगतो. कुठल्याही बाजूने पळालं तर चालणार नाही, हे आधी. ‘सूर्योदय दिसतो, म्हणून कायम आधी सडा’ असं ठणकावणारे तुम्हाला भेटतीलच. माझा त्यांच्याशी जुना वाद आहे. कुठली बाजू आधी हे खाडीचं पाणी ठरवतं, आणि ते रोज बदलतं.

हिशेब आपल्याकडे म्हाताऱ्याकोताऱ्यांना तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकराच्या आसपास. दिवसातून दोनदा भरती, आणि प्रत्येक भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. थंडीत आपल्याकडे पळण्याइतकं उजाडायला साडेसहा होतात. मग एकादशीपासून पौर्णिमा-अमावास्येपर्यंत पाणी सकाळी चढतं असतं, तेव्हा आधी बांध उरकायचा आणि मग सडा. तृतीयेपासून अष्टमीपर्यंत पाणी सकाळी उतरतं असतं, तेव्हा आधी सडा. प्रतिपदा-द्वितीयेला कसंही पळा. नवमी-दशमीला ऐन पळायच्या वेळी भरती असते, पण ती भांगाची, म्हणजे कमी चढणारी. बांधाच्या अंगाला लागते, माथ्यावर येत नाही.

सर्वांत फसवी त्रयोदशी. सहाला खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी दलदल, अर्धं रिकामं दिसतं, माणूस आरामात चहा घेऊन, आधी सडा करून साडेआठला बांधावर उतरतो, आणि तोवर उधाणाकडे चाललेलं पाणी बांध आणि घाटीच्या पायथ्यामधल्या सखल पट्ट्यात शिरलेलं असतं. घोटाभर पाणी दिसतं, पण खाली गाळ आहे. पाय आत जातो आणि बूट तिथेच राहतो.

‘अ‍ॅपवर बघ की, तिथी कशाला मोजतोस?’ हाही त्याच मंडळींचा प्रश्न. अ‍ॅप जरूर बघा. फक्त त्यातली वेळ बंदराची असते, आणि खाडीच्या तोंडापासून आत जाल तशी भरती उशिरा पोचते. तुमच्या बांधाला किती उशीर, ते कुठलंच अ‍ॅप सांगत नाही. उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, चिऱ्याच्या भिंतीवर खडूने खूण करा, पाणी चढायचं थांबून उतरायला लागतं ती वेळ तीन-चार दिवस टिपा, अ‍ॅपच्या वेळेशी फरक काढा. तो फरक मोसमभर धरून चालता येतो. तिथीचा हिशेबही ढोबळच आहे, अर्ध्या-पाऊण तासाची चूक त्यात धरा.

बांधावर माथ्याच्या मधोमध पळा. कडा खेकड्यांनी पोखरलेल्या असतात, वरून गवत शाबूत दिसतं आणि पाय पडला की ढेकूळ सुटतं. त्याने घोटा जातो, शिवाय तिथूनच पुढे बांधाला खांड पडते आणि खारं पाणी कुणाच्या तरी भातशेतीत शिरतं. उघाडीच्या फळ्यांवर पळू नका. पाणी उतरून तास झाला तरी त्यांच्यावर बुळबुळीत थर राहतो. चालत, पाऊल पूर्ण टेकवून ओलांडा.

घाटी चढायला घ्या, उतरायला शक्यतो नको. जांभ्याच्या पायऱ्या झिजून पुढे कललेल्या असतात, सावलीत शेवाळ धरतात, आणि उतरताना टाच नेमकी त्या कलावर पडते. आधी सडा असेल त्या दिवशी गाडीरस्त्याने उतरा. अंतर वाढेल, वाढू दे.

सड्यावर कोरडा जांभा उत्तम पकडतो, पण तो जाळीदार आहे. भोकं गवताखाली झाकलेली असतात, म्हणून गवत कापून होईपर्यंत मळलेल्या वाटेवरच राहा. कार्तिकात कुसळं पिकतात. सुती मोज्यात घुसलेलं कुसळ दर पावलाला आत सरकतं, आणि खेचलं की टोक तुटून विणीतच राहतं. घट्ट विणीचे नायलॉनचे मोजे घाला, थांबलात की कुसळ टोकाच्या दिशेने पुढे ढकलून काढा.

आता बूट. तळाला तीन-चार मिलिमीटरचे दाते, रबर मऊ, पुढे बोटांना कडक टोपी. रस्त्यावर पळायचे गुळगुळीत तळाचे बूट शेवाळावर सरळ घसरतात. जलरोधक बूट घेऊ नका. खाडीचं पाणी वरून आत येतं आणि बाहेर पडत नाही. पळून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा. उन्हात तळाचा डिंक सुटतो.

पुण्यातला वेग इथे धरू नका. पहाटेच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि ठोके वाढतात. किलोमीटरला अर्धा-पाऊण मिनिट जास्त लागलं तर ते बरोबरच आहे.

हे सगळं थंडीपुरतं. पावसाळ्यात हा हिशेब मोडतो. वरून पूर आणि खालून भरती एकदम आली की पाण्याला जायला जागा उरत नाही; २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळुणात काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा बांध पूर्ण बंद. मळ्यातल्या चिखलातून जखमेच्या पायाने जाऊ नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो. श्रावण-भाद्रपदात सडा फुलांनी भरतो. मातीचा थर तिथे बोटभरच असतो, तेव्हा उघड्या कातळावरून चाला, पळू नका. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मातीने बुजलेली पटकन ओळखू येत नाहीत, म्हणून अनोळखी कातळावर आधी एकदा गावातल्या माणसाबरोबर फिरून या.

फुरशाचं, त्या विषारी सापाचं, राहिलं. अंधारात सड्यावर जायचं नाही, बसायला दगड उचलायचा नाही. चावलंच तर बांधाबांध आणि कापाकाप न करता पाय स्थिर ठेवून थेट सरकारी दवाखाना, तोही प्रतिसर्पविष आहे का हे आजच विचारून ठेवलेला. कलमांच्या बागेत राखणदाराची कुत्री अंगावर आली तर पळणं थांबवून चालत निघा. चिरेखाणींना बहुतेक ठिकाणी कठडा नसतो, नवी वाट पहिल्यांदा नेहमी उजेडात आणि चालतच बघा.