तालिकेच्या टेबलावरून: वाचकांचे प्रश्न

या अंकातले बहुतेक प्रश्न शासकीय ग्रंथालयांत तालिकीकरणाचे, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी तयार करण्याचे, काम करणाऱ्यांकडून आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : जुन्या तालिकापत्रांवर कवितासंग्रह 'कुसुमाग्रज' आणि नाटके 'शिरवाडकर, वि. वा.' या नावाखाली आहेत. आता सगळा साठा कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत भरतो आहोत. लेखक एकच आहे, मग सगळे एका नावाखाली आणावे का?
— ग्रंथालय सहायक, जिल्हा ग्रंथालय

नका आणू. जुन्या तालिकाकाराने बरोबर केले आहे. एखाद्या लेखकाने एका प्रकारच्या लेखनाला एक नाव आणि दुसऱ्या प्रकाराला दुसरे नाव जाणीवपूर्वक वापरले असेल, तर त्या दोन स्वतंत्र वाङ्मयीन ओळखी मानायच्या, असे आंग्ल-अमेरिकन तालिका संहितेची दुसरी आवृत्ती सांगते. दोन्ही नावांची वेगळी शीर्षे (ज्या नावाखाली नोंद लागते ती रूपे) करायची आणि ती एकमेकांना 'हेही पाहा' या निर्देशाने जोडायची. राम गणेश गडकऱ्यांची नाटके त्यांच्या नावाखाली, कविता 'गोविंदाग्रज' खाली आणि विनोदी लेख 'बाळकराम' खाली, म्हणजे तीन शीर्षे झाली. केशवसुतांचे तसे नाही. वाचक त्यांना त्याच एका नावाने ओळखतो, म्हणून शीर्ष 'केशवसुत' आणि 'दामले, कृष्णाजी केशव' वरून तिकडे 'पाहा'.

कोहात हे काम पुस्तकाच्या नोंदीत होत नाही, ऑथॉरिटी नोंदीत, म्हणजे नावाच्या प्रमाण नोंदीत, होते. तिथे १०० या क्षेत्रामध्ये (मार्क या नोंदपद्धतीत रकान्यांना असे क्रमांक असतात) स्वीकारलेले नाव, ४०० मध्ये 'पाहा'ची नावे आणि ५०० मध्ये 'हेही पाहा'ची नावे भरा. ५०० दोन्ही नोंदींत हवे. एकीकडूनच भरले तर नाटके शोधणाऱ्याला कविता सापडतील, पण कविता शोधणाऱ्याला नाटके सापडणार नाहीत.

खरी गडबड मात्र वेगळ्याच ठिकाणी होते. 'शिरवाडकर, वि. वा.', 'शिरवाडकर, वि.वा.' आणि 'शिरवाडकर, विष्णू वामन' असे तिघांनी तीन तऱ्हांनी टंकले की यादीत तीन माणसे दिसतात. म्हणून पुस्तकाच्या नोंदीत लेखकाचे नाव हाताने टंकूच नका. १०० शेजारच्या बटणाने ऑथॉरिटी उघडा, नाव निवडा, आणि उपक्षेत्र ९ मध्ये तिचा क्रमांक आला आहे ना ते पाहा. क्रमांक नसेल तर जोडणी झालेली नाही.

लेखिकांच्या बाबतीत जास्त लक्ष द्या. बाळूताई खरे, मालती बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकाच लेखिकेची नावे आहेत, आणि वाचक यांतले कोणतेही एक नाव घेऊन काउंटरवर येतो. त्या प्रत्येक नावावरून त्याला पुस्तकापर्यंत पोचता आले पाहिजे. संतांची शीर्षे त्यांच्या नावानेच सुरू करा आणि 'संत' हा शब्द नावानंतरच्या उपक्षेत्रात ठेवा, नाहीतर ज्ञानेश्वर आणि तुकाराम दोघेही 'स'मध्ये जाऊन बसतील. डॉ., प्रा., ह.भ.प. यांना शीर्षात जागा नाही.

प्रश्न : 'ॲरिस्टॉटल' शोधले तर दोन नोंदी येतात, कपाटात पुस्तके पाच आहेत. 'कऱ्हाड'चेही तसेच होते. शिवाय लेखकांच्या यादीत 'काळे' हे 'काशीकर' यांच्या आधी येतात. दोष सॉफ्टवेअरचा की आमचा?
— तांत्रिक विभाग, शासकीय विभागीय ग्रंथालय

दोष टंकलेखनात आहे आणि मांडणीतही आहे. पडद्यावर एकसारखे दिसणारे अक्षर आत वेगवेगळ्या संकेतांनी साठवलेले असू शकते. ॲ हे युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर आहे. पण ते २००८ मध्ये आले, म्हणून त्याआधीचे आणि जुन्या कळफलकावरचे लोक 'अ'वर चंद्र देऊन तो आवाज लिहीत, आणि काहीजण 'ऍ' वापरत. यंत्राच्या लेखी हे तीन वेगळे शब्द आहेत. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरणही त्यांना एक मानत नाही, त्यामुळे हे आपोआप सुधारेल अशी वाट पाहू नका. 'कऱ्हाड'मधला अर्धा र कोणी ऱ आणि हलन्त मिळून लिहितो, तर कोणी र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह मिळून. तिथेही शब्द दोन होतात.

इलाज असा. आधी कोणते रूप धरायचे ते ठरवा. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले आहेत, म्हणून ॲ हेच रूप धरा आणि अर्ध्या र साठी ऱ. हे तालिका विभागाच्या निर्णयवहीत तारखेसह लिहा. मग माहितीसाठ्याची पूर्ण प्रत काढून बाजूला ठेवा. कोहात मार्क बदलाचा साचा तयार करा. 'शोधा आणि बदला' या क्रियेत डावीकडे चुकीचे रूप आणि उजवीकडे बरोबर रूप द्या, आणि २४५ (शीर्षक), १०० (लेखक), ७०० (इतर व्यक्ती), ६५० (विषय) अशा प्रत्येक क्षेत्रासाठी वेगळी ओळ लिहा. पहिल्यांदा फक्त २० नोंदींवर चालवा आणि त्या एकेक उघडून पाहा. ठीक असतील तर पुढे जा. ऑथॉरिटी नोंदींत हाच बदल करायला विसरू नका, कारण तिथली जुनी रूपे पुस्तकांच्या नोंदींत परत शिरतात.

शोधासाठी कोहाचे झेब्रा हे शोधयंत्र वापरत असाल तर त्याची मांडणी आयसीयू (युनिकोड मजकूर हाताळणाऱ्या) पद्धतीची आहे का, हे संगणक विभागाला विचारा. देवनागरीसाठी तीच हवी. ती बदलल्यावर निर्देशांक (शोधासाठीची आतली सूची) पुन्हा बांधावा लागतो. तो बांधला नाही तर काहीच बदललेले दिसत नाही आणि मग लोक ती मांडणीच निकामी समजून सोडून देतात.

आता काळे आणि काशीकर. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे बसवला आहे, आपल्या वर्णमालेत तो ह च्या पुढे येतो. त्यामुळे निव्वळ संकेतक्रमाने लावले की काळे आधी येतात. क्ष आणि ज्ञ यांचेही असेच आहे. यंत्र क्षीरसागरांना कोल्हटकरांच्या नंतर आणि खऱ्यांच्या आधी ठेवते, कारण त्याच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. वाचक मात्र त्यांना यादीच्या टोकाला शोधतो. मराठी कोशांत दोन्ही पद्धती आढळतात. कोणतीही घ्या, पण छापील याद्या, कपाटावरचा क्रम आणि पडदा तिन्ही ठिकाणी एकच असू द्या.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली माहिती आणत असाल तर त्याच फॉन्टचा परिवर्तक वापरा. त्या फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते. चुकीच्या परिवर्तकाने ती मागच्या अक्षराला चिकटते आणि रफार हरवतो. 'किर्लोस्कर', 'स्थिती', 'दुर्मिळ' असे शब्द असलेली शंभरेक शीर्षके निवडून डोळ्यांनी वाचा.

प्रश्न : शके १८३२ असे छापलेली पुस्तके आणि पोथ्या आहेत. काहींचे मुखपृष्ठ (आतले शीर्षकाचे पान) गेले आहे, काहींची शेवटची पाने. नोंद कशी करावी?
— ग्रंथपाल, कोकण

पुस्तकावर आहे ते तसेच लिहा आणि पुढे चौकटी कंसात इसवी सन द्या. शकात ७८ मिळवले की चैत्रापासून डिसेंबरपर्यंतचे सन मिळते. इसवी सन बदलते ते पौषाच्या सुमारास, म्हणून माघ आणि फाल्गुनासाठी ७९ मिळवा. प्रस्तावनेखाली महिना आणि तिथी असते, ती आधी पाहा. महिना मिळालाच नाही तर 'शके १८३२ [१९१० किंवा १९११]' असे लिहा. ००८ या सांकेतिक माहितीच्या क्षेत्रात मात्र वर्षाचे अंक रोमन कळफलकानेच भरावे लागतात. तारखेचा प्रकार संदिग्ध ठेवा आणि दोन्ही वर्षे द्या. वर्षानुसार क्रम लावताना कोहा हेच क्षेत्र बघते. ते रिकामे राहिले की शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक यादीत कुठेही जाऊन पडते.

मुखपृष्ठ नसेल तर वेष्टन, पानांच्या माथ्यावरचे शीर्षक, शेवटची समाप्ती आणि छापखान्याची ओळ या क्रमाने शोधा. शीर्षक कुठून घेतले ते टिपेत लिहा, उदाहरणार्थ 'शीर्षक पानांच्या माथ्यावरून'. शेवटची पाने नसतील तर हाताशी असलेले शेवटचे पृष्ठ लिहून पुढे अधिकचे चिन्ह द्या, २१४+ पृ. अशा तऱ्हेने, आणि 'ग्रंथालयाची प्रत अपूर्ण' अशी टीप द्या. अंदाजाने पृष्ठसंख्या पुरी करणे ही मोठी चूक आहे. पुढे कोणी तीच प्रत पूर्ण समजून अभ्यासाला घेईल.

पोथी उंचीपेक्षा रुंद असते, म्हणून दोन्ही मापे द्या, आधी उंची: १२ × २८ सेंमी. सेंटिमीटरचा अपूर्णांक नेहमी वरच्या पूर्णांकात धरायचा, म्हणजे १७.२ चे १८. पाने सुटी असतील तर क्रम लावूनच मोजा. पोथीत पानाच्या एकाच बाजूला क्रमांक असतो, तेव्हा पान आणि पृष्ठ यांत घोटाळा करू नका. जुन्या पानावर शिक्का उमटवू नका, पेन्सिलीने दाखल क्रमांक (पुस्तक ग्रंथालयात दाखल होताना मिळणारा क्रमांक) पुरेसा आहे.

प्रश्न : ज्ञानेश्वरी धर्मात की साहित्यात? आणि इंग्रजीतून आलेली मराठी कादंबरी कुठे लावायची?
— नवनियुक्त तालिकाकार

ड्युई दशांश वर्गीकरणानुसार ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, म्हणून २९४.५९२४. तुकारामांची गाथा मराठी कविता म्हणून ८९१.४६१ मध्ये ठेवता येते. पारायणासाठी छापलेल्या पोथ्या धर्मातच बऱ्या, कारण त्या मागणारे वाचक तिथेच शोधतात. एखाद्या ग्रंथालयाने गाथाही धर्मात ठेवली तर ते चूक म्हणता येणार नाही. पण गाथेची एक आवृत्ती इकडे आणि दुसरी तिकडे, असे होऊ देऊ नका.

अनुवाद मूळ भाषेच्या साहित्यात जातो, इंग्रजी कादंबरी मराठीत आली तरी ८२३. नियमाने हे बरोबर आहे, पण वाचकासाठी अवघड आहे. मराठी कादंबऱ्यांच्या ८९१.४६३ च्या कपाटासमोर उभा असलेला वाचक तिकडे जातच नाही. वर्गांक ८२३ ठेवा आणि त्यावर 'म' ही ओळ छापून सगळी अनुवादित पुस्तके मराठी दालनात एका फळीवर आणा. नोंदीत ०४१ मध्ये अनुवादाची आणि मूळ भाषेची संकेताक्षरे, २४० मध्ये मूळ शीर्षक आणि ७०० मध्ये अनुवादक भरा. मराठी वाचक अनुवादकाच्या नावाने पुस्तक मागतो, त्यामुळे ७०० वगळणे परवडणारे नाही.

प्रश्न : दिवाळी अंक पुस्तक धरावा की नियतकालिक?
— ग्रंथालय लिपिक, विदर्भ

मासिकाचा दिवाळी अंक हा त्या मासिकाचा एक अंक, त्याची वेगळी नोंद नको. फक्त दिवाळीतच निघणारा असेल तर ती वार्षिक नियतकालिकाची नोंद, ३१० मध्ये 'वार्षिक' लिहून. प्रत्येक वर्षाची प्रत त्याच नोंदीखाली आयटम (प्रत्यक्ष प्रतीची नोंद) म्हणून जोडा आणि अंकाच्या रकान्यात 'दिवाळी २०२३' लिहा. वर्षाला नवी नोंद उघडली की दहा वर्षांत एकाच अंकाच्या दहा नोंदी होतात. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेली ही परंपरा आहे, आणि दीर्घकथा शोधत येणाऱ्यांसाठी ५०५ मध्ये निदान कथा आणि लेखक यांची नावे भरावीत. वेळ लागतो, पण हा वेळ सार्थकी लागतो.

प्रश्न : खरेदीची पुस्तके आली की कामाचा क्रम काय असावा?
— ग्रंथपाल, तालुका ग्रंथालय

पहिल्यांदा देयक आणि मागणीपत्र समोरासमोर धरून नाव, आवृत्ती, प्रती आणि किंमत जुळवा. मग प्रत्येक पुस्तक पानापानाने चाळा. मराठी पुस्तकांत बहुधा १६ पानांचा फर्मा (एकत्र छापून घडी घातलेला पानांचा संच) असतो आणि एखादा फर्मा दोनदा शिवलेला किंवा सुटलेला असू शकतो. हे शिक्का मारण्याआधी पाहा, शिक्का मारलेले पुस्तक विक्रेता परत घेत नाही. त्यानंतर दाखल रजिस्टरात नोंद करून दाखल क्रमांक पुस्तकावर, ठरलेल्या गुप्त पृष्ठावर (ओळखीसाठी प्रत्येक पुस्तकात ठरवलेले आतले पान) आणि देयकाच्या मागे लिहा. रजिस्टरातला रकाना खोडून दुरुस्त करायचा झाल्यास तांबड्या शाईने आणि सहीसह करा. देयक इथपर्यंत आल्यावरच पुढे पाठवा.

वर्गांक देण्याआधी त्याच नावाची जुनी प्रत आहे का ते शोधा. असेल तर तिचाच वर्गांक द्या आणि आयटम वाढवा, नवी नोंद करू नका. बारकोडमध्ये दाखल क्रमांकच ठेवा. पाठीवरचे लेबल तळापासून अडीच ते तीन सेंमी वर लावा. फार खाली लावले की पुस्तक ओढताना बोटांनी सुटते आणि फार वर लावले की शेजारच्या लेबलांशी एका रेषेत दिसत नाही.