ज्याने विचारले, त्याला त्याच दिवशी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा चैत्रातल्या भर दुपारी तू चोपड्याकडून मोटारसायकलवर आलास, पाण्याचा तांब्याही पुरता न संपवता मोबाइल माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, ‘मॅडम, फेसबुक झाले, इन्स्टाग्राम झाले, यूट्यूब, टेलिग्राम, व्हॉट्सअ‍ॅप सगळे झाले, रोज काही ना काही टाकतो, तरी वाचनालयात माणूस येत नाही. आता आणखी काय उघडू?’ मी तुला चहा दिला, इकडचे तिकडचे बोलले आणि परत पाठवले, कारण मला राग आला होता आणि रागाच्या भरात तरुण माणसाला सल्ला देऊ नये एवढे मी चौतीस वर्षांच्या ग्रंथपालकीत शिकले आहे. राग तुझ्यावर नव्हता, तो कशावर होता ते पुढे येईलच. पण तुझ्या प्रश्नाला मी त्याच दिवशी उत्तर दिले नाही याची टोचणी मला दोन रात्री लागून राहिली आहे, म्हणून हे पत्र हाताने लिहून त्याची छायाचित्रे तुला पाठवीत आहे.

तू आत हातपाय धूत होतास तेव्हा तुझा मोबाइल माझ्याच हातात होता. जयंतीची, पुण्यतिथीची, सुविचारांची चित्रे तू सुरेख केली आहेस. अक्षर, रंग, मांडणी यांना नाव ठेवण्यासारखे काही नाही. पण त्यांतल्या एका चित्राखाली एका मुलाने बारा दिवसांपूर्वी विचारले होते, ‘पोलीस भरतीची नवीन पुस्तके आली का?’ त्याच्या प्रश्नावर तू अंगठा उमटवून ठेवला आहेस. अरे, देवघेवीच्या टेबलाशी येऊन एखाद्याने हेच विचारले असते, तर तू त्याला नुसता अंगठा दाखवून कपाटाकडे वळला असतास का? व्हॉट्सअ‍ॅपवर एका बाईचा आवाजी निरोप होता, तो तर ऐकलेलाच नव्हता. मी तो तुला न विचारता ऐकला. त्याबद्दल शेवटी सांगते.

मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. ज्याने विचारले त्याला त्याच दिवशी, त्याच्या नावाने उत्तर दे. पुस्तक असेल तर ‘आहे, तुमच्यासाठी बाजूला ठेवले आहे, शुक्रवारपर्यंत या’ असे लिही. नसेल तर ‘नाही, मागणी वहीत तुमचे नाव लिहिले आहे’ असे लिही. ही साधने वाचकाला आपल्या टेबलापर्यंत आणण्याची आहेत. आपण त्यांचे फलक करून टाकले आणि फलक कितीही रंगवला तरी तो कोणाचे ऐकत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. आमच्या वाचनालयाचे फेसबुक पेज २०१२ साली मी स्वतः उघडले होते आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘आम्हाला लिहा’ असे लिहिले होते. त्यानंतर दीड-दोन वर्षे त्या पेजवर काय गेले असेल, तर शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुणे आणि दीपप्रज्वलन. मला स्वतःला कोणी लिहायचे झाले तर ते कोठे येते हे मी पाहिलेच नाही. त्या काळी फेसबुकवर अनोळखी माणसाचा निरोप ‘अदर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात जात असे आणि त्याची सूचनाही येत नसे. तो कप्पा माझ्या भाचीने मला उघडून दाखवला तेव्हा त्यात यावल तालुक्यातल्या एका मुलीचा निरोप सापडला. परिचारिकेच्या अभ्यासक्रमाची पुस्तके तुमच्याकडे मिळतील का, मी सभासद नाही पण अनामत भरायला तयार आहे, असे तिने लिहिले होते. निरोप सात महिन्यांपूर्वीचा होता. ती पुस्तके आमच्याकडे होती, दोन प्रती होत्या, आणि दाखल झाल्यापासून एकदाही बाहेर गेलेल्या नव्हत्या. मी तिला उत्तर लिहिले, पण तिचे काही आले नाही. कप्प्याची मला माहिती नव्हती, हे खरे. पण ‘आम्हाला लिहा’ असे लिहिणारी मीच होते, त्यामुळे ती माहिती करून घेणे माझेच काम होते. या एका निरोपासाठी मी आजही स्वतःला माफ केलेले नाही.

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली आणि आपण दरवर्षी १२ ऑगस्टला त्यांच्या प्रतिमेला हार घालून ती म्हणतो. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे त्यांतले चौथे सूत्र. सोळा किलोमीटरवरून एसटीने येणाऱ्या मुलाला पुस्तक आहे की नाही हे घरबसल्या कळले, तर त्याचा एक दिवस आणि भाड्याचे पैसे वाचतात. तो दिवस वाचवण्यासाठी तुझ्या हातात मोबाइल आहे. तो सुविचारांत खर्ची घालू नकोस.

तू म्हणशील की उत्तरे देण्याने माणसे थोडीच वाढतात. वाढतात, पण एकेक करून वाढतात, आणि ते तुला धीराने पाहावे लागेल. साने गुरुजी अमळनेरच्या वसतिगृहात होते तेव्हा ते मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढीत असत. हाताने लिहिलेल्या दैनिकाच्या प्रती किती असणार आणि ते वसतिगृहाबाहेर कितीसे जाणार? पण लिहिणाऱ्याला आपला प्रत्येक वाचक चेहऱ्याने माहीत होता, काल तो कशाने हिरमुसला होता हेही माहीत होते. आपल्याच खानदेशात हे घडलेले असताना आपण हजारो अनोळखी अंगठ्यांच्या मागे का लागावे, हे मला समजत नाही.

आता कामाचे बोलते. पाचांपैकी तीन ठिकाणे बंद कर. एका माणसाला पाच दारांवर उभे राहता येत नाही, आणि ज्या दारावर कोणी उभे नाही ते दार उघडे ठेवणे ही वाचकाची फसवणूक आहे. व्हॉट्सअ‍ॅप ठेव, कारण आपल्या भागात तेच घरोघरी आहे. आणि फेसबुक ठेव, कारण बाहेरगावी गेलेली आपली माणसे तेथे भेटतात. गूगलच्या नकाशावर वाचनालयाची वेळ आणि सुटीचा वार बरोबर आहे का ते पाहा. तुझ्याकडे सोमवारी सुटी असते आणि नकाशा ‘उघडे आहे’ म्हणतो, हेही मी परवा पाहिले.

व्हॉट्सअ‍ॅपवर तू सगळ्या सभासदांचा एक ग्रुप केला आहेस, तो मला मुळीच पसंत नाही. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. ज्या मुली अभ्यासिकेत येतात, ज्या सुना सासूच्या नकळत कादंबरी नेतात, त्यांचे नंबर गावातल्या तीनशे पुरुषांच्या हाती देण्याचा अधिकार तुला कोणी दिला? कोण कोणते पुस्तक नेतो हे मी नोकरीभर कोणाला सांगितले नाही, नवऱ्यांनी येऊन विचारले तरी सांगितले नाही. ब्रॉडकास्ट यादी कर. एका यादीत २५६ जण बसतात, निरोप प्रत्येकाला स्वतंत्र जातो आणि त्याचे उत्तर फक्त तुझ्याकडे येते. मात्र ज्याने तुझा नंबर आपल्या मोबाइलमध्ये साठवलेला नाही त्याला तो निरोप पोचतच नाही. म्हणून वर्गणीची पावती फाडताना त्याच टेबलाशी सभासदाकडून वाचनालयाचा नंबर साठवून घे. याद्याही वेगवेगळ्या कर. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना कवितासंग्रह आल्याचे कळवून काय उपयोग? आणि ते आपोआप उत्तर जाण्याची सोय असते, ती वेळ कळवण्यापुरती वापर. ‘आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद’ हे उत्तर होत नाही.

याद्या मोबाइलमध्ये ठेवून निश्चिंत होऊ नकोस, सभासदांचे नंबर वहीत उतरव. फेसबुकसारख्याच ऑर्कुट नावाच्या संकेतस्थळावर आपल्याकडची केवढी माणसे होती. ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि तेथल्या ओळखी तेथेच राहिल्या. दुसऱ्याच्या जागेत मांडलेले दुकान आहे हे, जागामालक कधीही उठवील. वही मात्र तुझ्या कपाटात असते.

टेलिग्राम बंद करायला सांगण्याचे आणखी एक कारण आहे. तेथे तू नव्या कादंबऱ्यांच्या पीडीएफ प्रती वाटल्या आहेस आणि त्यामुळे माणसे जमली असे मोठ्या उमेदीने सांगत होतास. ती चोरी आहे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर त्याचा आणि त्याच्या वारसांचा हक्क असतो, आणि मराठी लेखकाला मुळात मिळते किती? साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांचे लेखन २०११ पासून सर्वांना मोकळे आहे. असे मुक्त झालेले साहित्य मराठी विकिस्रोत या मोफत संकेतस्थळावर आहे, त्याचा दुवा खुशाल पाठव. बाकीच्यांची पुस्तके कपाटातून द्यायची.

या साधनांचा एक उपयोग मात्र मला खरोखर मोहात पाडतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये आपल्या संग्रहातली सुमारे तीन हजार जुनी छायाचित्रे फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर ठेवली आणि लोकांना सांगितले की, यांत काही ओळखत असाल तर लिहा. लोकांनी माणसांची नावे, गावे, प्रसंग लिहून पाठवले आणि ग्रंथालयाने ते तपासून आपल्या नोंदी दुरुस्त केल्या. एवढ्या मोठ्या संस्थेने वाचकाचे ऐकून आपली नोंद बदलली, यापेक्षा चांगले उत्तर कोणते असेल? तुझ्या वाचनालयाच्या माळ्यावर जुन्या समारंभांची छायाचित्रे आहेत. दर रविवारी एक टाक आणि विचार, ‘हे कोण?’ गावातले म्हातारे सांगतील, त्यांचे नातू टंकून देतील, आणि कोणी काय सांगितले ते तू छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने, सांगणाऱ्याच्या नावासह लिहून ठेव. ते लिहिलेस की त्याला कळव. पुन्हा तेच सांगते आहे, माहीत आहे मला.

सुरतेचे विसरू नकोस. उधना-लिंबायतीत आपल्या गावांची अर्धी अर्धी घरे आहेत, तापीच्या काठाकाठाने गाडी जाते, आणि तेथे मराठी पुस्तकासाठी जीव तळमळणारी माणसे मी पाहिली आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती सगळी घरी येतात. त्याच्या पंधरा दिवस आधी कळव की येताना काय हवे ते सांगा, बांधून ठेवतो. आणि आखाजी ते दिवाळी अशा लांब मुदतीने देण्याची परवानगी वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाकडून घे. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१० नंतर लाकडी पेट्यांतून गावोगाव फिरती ग्रंथालये पाठवली. नवापूरच्या पलीकडचा सोनगड-व्याऱ्याचा मुलूख तेव्हा त्यांचाच होता. पेटी तेव्हाही पाठवता येत होती. गावाला काय हवे ते त्याच दिवशी कळण्याची सोय मात्र तेव्हा नव्हती, ती आता तुझ्याकडे आहे.

मंडळ सत्काराची छायाचित्रे मागते म्हणालास, ते मला नवीन नाही. पेजवर सत्काराची छायाचित्रे का नाहीत, असे मलाही विचारले गेले, आणि त्या मुलीचा निरोप सापडल्यापासून मी ती टाकायला साफ नकार दिला. पेज माझ्याकडून काढून घेतले, दुसऱ्याकडे दिले, दोन वर्षे वेतनवाढीचा विषयही सभेपुढे आला नाही. आपल्या राज्यात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, वाचनालयांचे अ-ब-क-ड वर्ग आहेत, सरकारी अनुदान आहे. पण वाचकाच्या किती प्रश्नांना उत्तर दिले, हे तपासणीच्या वेळी मला एकदाही कोणी विचारले नाही. राग मला याचा होता. तेव्हा मी एक साधी वही घातली, तारीख, नाव, प्रश्न, उत्तर, आणि निवृत्तीपर्यंत ती रोज भरली. त्यात वाचनालयाचा काही लाभ झाला का, असे तेव्हाच्या पदाधिकाऱ्यांनी तोंडावर विचारले होते. झाला. मागणी वहीतून घेतलेले पुस्तक आमच्याकडे कधी कपाटात पडून राहिले नाही, कारण त्याचा वाचक ते येण्याआधीच नोंदलेला असे. मी हट्टी होते असे गावात अजून म्हणतात. त्या वहीच्या बाबतीत मी आजही तसाच हट्ट धरीन, आणि तूही धरावास अशी माझी इच्छा आहे. तुला पगार थोडा आहे, हेही मला ठाऊक आहे, आणि तरीही मी हे मागते आहे.

आता त्या बाईचा निरोप. ती अहिराणीत बोलली आहे, मागे शेळ्यांचा आवाज आहे. ‘मन्हा पोऱ्यासाठे गोष्टीस्नं पुस्तक शे का?’ असे तिने विचारले आहे, पोरगा तिसरीत आहे म्हणाली, आणि बुधवारच्या बाजाराला येईन तेव्हा नेईन असेही म्हणाली. मी हे परवाच तुला सांगायला हवे होते. तिला लिहू नकोस, वाचता येत असते तर तिने लिहूनच विचारले असते. तूही आवाजी निरोप पाठव आणि तिच्याच बोलीत पाठव. ‘तुमनं पुस्तक शे’ एवढे आधी सांग. बालविभागाचे कपाट कुलपात असते ना तुझ्याकडे? ते आज संध्याकाळीच उघडून, मोठ्या टाइपातली, चित्रांची तीन-चार पुस्तके काढून टेबलावर ठेव. बुधवार उद्याच आहे.

तुझी,
मॅडम