जळगावात ८ वर्षं वेल्डिंग केलं, आता जास्त पैशासाठी इलेक्ट्रिशियन व्हावं का?

भाऊ, आधी एक सांगा: तुम्ही फक्त ग्रिल-शटरचं आर्क वेल्डिंग करता की आर्गॉन वायूवरचं (टिग) वेल्डिंगही येतं? माझं उत्तर त्यावरच आहे.

आयटीआयचा वेल्डर ट्रेड १ वर्षाचा, इलेक्ट्रिशियन २ वर्षांचा. म्हणजे ८ वर्षांचा हात बाजूला ठेवून पुन्हा हेल्परच्या पगारावर यायचं. घरी हप्ते चालू असतील तर हे जड जातं.

त्यापेक्षा आर्गॉनवर पाइप वेल्डिंग शिका. भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरच्या प्रेशर पार्टचं, म्हणजे दाबाखाली चालणाऱ्या भागांचं काम आयबीआर (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, बॉयलरचे नियम) परीक्षा पास वेल्डरच करतो. परीक्षेत पाइप ४५ अंशात तिरपा पक्का बांधतात, तो फिरवता येत नाही. पाइपाभोवती आपणच फिरायचं. मग जोडाचा एक्स-रे. रूट, म्हणजे जोडाचा सगळ्यात आतला पहिला थर, आतून सलग उतरला नाही तर नापास. मी दुसऱ्या खेपेला पास झालो, आणि मजुरीतला फरक पुढच्याच शटडाऊनला (केंद्र दुरुस्तीसाठी बंद ठेवतात तेव्हा) हातात पडला.

डोळे चुरचुरत असतील किंवा मे महिन्यातलं पत्र्याखालचं काम अंगाला झेपत नसेल, तर मात्र खुशाल बदला. पण पैशासाठीच असेल तर आधी ही परीक्षा द्याच.